हो, मी वॉटसनच्या बाजूने होतो

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, चहाच्या रांगेत नाहीतर पार्किंगमध्ये, कुणी ना कुणी पाठीवर थाप मारतंच. ‘‘काय, तुमचा वॉटसन काय म्हणतो? बेकरला घालवून काय मिळवलंत?’’ आपल्या क्लीव्हलँड ब्राऊन्सने, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमने, क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, सगळा खेळ चालवणारा खेळाडू) बेकर मेफिल्डला बाजूला सारून डिशॉन वॉटसनला आणलं, त्याबद्दलचा हा टोमणा. ‘तुमचा’ का, ते मला ठाऊक आहे. 2 एप्रिल 2022 ला, गुढीपाडव्याच्या जेवणात, श्रीखंडाची वाटी हातात धरून मी अर्धा तास वॉटसनची वकिली केली होती. ब्राऊन्सला शेवटी क्वार्टरबॅक मिळाला, आता दहा वर्षं घोर नाही, असं म्हणालो होतो. नाकारत नाही.

पण तुम्ही ज्या सुरात विचारता तो सूर मला पटत नाही. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी ओहायोत आलो 1998 ला. तेव्हा इथे टीमच नव्हती. मालकाने, आर्ट मॉडेलने, 1995 च्या नोव्हेंबरात ती बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि प्लँटमधले माझे सहकारी अजून सुतकात असल्यासारखे बोलायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला ऑटो ग्रॅहम शिकवला. दहा हंगाम खेळला, दहाही वेळा टीम अंतिम सामन्यात, त्यातली सात विजेतेपदं. बर्नी कोझार शिकवला. यंग्सटाऊनजवळच्या बोर्डमनचा पोरगा, मुद्दाम खटपट करून इथेच खेळायला आला, आणि 1993 मध्ये भर हंगामात त्याला काढून टाकलं. ते सांगताना एकाचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत. मला यात काही परकं वाटलं नाही. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्या की आपण कुणाकडून, हे कुणी विचारत नाही. ज्या पेठेत जन्मलात ती तुमची. 1999 ला ब्राऊन्स परत आले आणि मी ही पेठ धरली.

पुनरागमनाचा पहिला सामना घरच्या मैदानावर, पिट्सबर्गकडून 43-0. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, अगदी पहिला निवडलेला क्वार्टरबॅक टिम काउच, त्याच्यासमोर बचावाची भिंत म्हणून जी फळी उभी केली होती ती भिंत नव्हतीच. पोराने मार खाल्ला. मग ब्रेडी क्विन, ब्रँडन वीडन, जॉनी मँझिएल. मधली नावं तुम्हाला पाठ आहेत, नसली तरी काही बिघडत नाही. एका दुकानाच्या काचेत काउचची जर्सी टांगलेली असायची, तिच्या पाठीवर पुढच्या प्रत्येक क्वार्टरबॅकचं नाव पट्टीवर लिहून खाली खाली चिकटवत नेलेलं. तिच्यासमोरून जाताना मी कधी हसलो नाही. मला त्यात पोरांची नावं दिसायची. दर दोन वर्षांनी कोच बदलायचा, त्याच्याबरोबर खेळाची सगळी भाषा बदलायची, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला मैदानात उभं करून म्हणायचं, तार आम्हाला. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. क्वार्टरबॅक मिळाला नाही असं नव्हे, मिळालेला टिकेल असं घर आम्ही बांधलं नाही.

मग तेच मत असलेला माणूस 2022 च्या पाडव्याला काय बडबडत होता, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मीही त्याला हेच विचारतो.

त्याचं उत्तर असं की तोवर तो फार भुकेला झाला होता. 2017 ला आम्ही सोळाच्या सोळा सामने हरलो. पुढच्या सप्टेंबरात एका गुरुवारी रात्री, जेट्सविरुद्ध 14-0 ने मागे असताना बेकर मेफिल्ड मैदानात उतरला आणि आम्ही 21-17 जिंकलो. लेक तेव्हा पंधरा वर्षांची. दुसऱ्या दिवशी शाळा होती तरी मी तिला झोपायला पाठवलं नाही. नंतर तिने स्वतःच्या पैशांनी बेकरची 6 नंबरची जर्सी घेतली. जानेवारी 2021 मध्ये पिट्सबर्गच्या मैदानावर प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, सामना, पहिल्याच खेळीत चेंडू त्यांच्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून मागे गेला, आणि पहिला क्वार्टर संपला तेव्हा 28-0. आम्ही दोघं इतके ओरडलो की हिची आई काही अपघात झाला समजून धावत खाली आली. 48-37. त्या घरात, त्या सोफ्यावर, माझ्या आयुष्यातल्या चांगल्या रात्रींपैकी ती एक.

पुढच्या हंगामात दुसऱ्याच सामन्यात बेकरचा डावा खांदा दुखावला. तो तसाच खेळत राहिला आणि वाईट खेळला. शेवटी शेवटी पिट्सबर्गला एका सामन्यात त्याला नऊ वेळा पाडलं. मी म्हणायला लागलो, हा नव्हे. लेक म्हणायची, ‘‘बाबा, त्याचा खांदा फाटलाय.’’ मी म्हणायचो, मग बसावं की बाहेर.

आता 18 मार्च 2022. शुक्रवार. लेकीला कॉलेजची सुट्टी होती, घरी आली होती. मंगळवारीच बेकरने शहराला निरोपाचं पत्र लिहिलं होतं. गुरुवारी बातमी होती की वॉटसनने क्लीव्हलँडला नकार दिलाय. शुक्रवारी दुपारी फोन वाजला: वॉटसन येतोय. बदल्यात त्याच्या ह्यूस्टनच्या टीमला तीन वर्षांचे तीन पहिल्या फेरीचे पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) आणि वर आणखी काही, शिवाय पाच वर्षांचे 23 कोटी डॉलर, शेवटच्या डॉलरपर्यंत हमीचे. खरं तर 2017 च्या ड्राफ्टमध्ये आमच्या हातात 12 वा पिक होता, तो आम्ही ह्यूस्टनला विकला, आणि त्यांनी त्यावर याच वॉटसनला घेतलं. एका पिकमध्ये येणारा माणूस आता तीनमध्ये. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी जिना चढून तिच्या खोलीत गेलो आणि लग्न ठरल्याची बातमी सांगावी तसा म्हणालो, ‘‘अगं, क्वार्टरबॅक मिळाला!’’

ती पलंगावर बसली होती, तिच्याही हातात फोन होता. तिने मान वर केली आणि म्हणाली, ‘‘बावीस.’’

मला कळलं ती काय म्हणतेय. मसाजच्या वेळी लैंगिक गैरवर्तन केल्याचा आरोप करत बावीस महिलांनी वॉटसनवर दिवाणी दावे लावले होते. आठवडाभरापूर्वीच टेक्ससमधल्या ग्रँड ज्युरीने फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला होता, आणि वॉटसनने सगळंच नाकारलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. मी म्हणू शकलो असतो की मलाही ते खुपतंय. म्हणू शकलो असतो की बस, बोलूया. मी म्हणालो, ‘‘चार हजार आठशे तेवीस.’’

2020 च्या हंगामात वॉटसनने पास फेकून कमावलेलं अंतर, यार्डांत. लीगमध्ये सर्वांत जास्त, तेही सोळापैकी बारा सामने हरलेल्या टीमकडून. पोरीने बायकांचा आकडा सांगितला आणि मी तिला यार्डांचा आकडा सांगितला. पत्त्याच्या डावात वरचं पान टाकावं तसा.

ती काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, आमच्या घरात भांडणं मिटतात. ती फोनकडे बघत राहिली. मी दारात आणखी दोन मिनिटं उभा राहून ‘‘कोर्टात काही सिद्ध झालेलं नाही’’ वगैरे बोललो. कुणाला पटवत होतो, माहीत नाही. त्या दिवसापासून आम्ही ब्राऊन्सचा एकही सामना एकत्र पाहिलेला नाही. जर्सी तिने जाळली नाही की टाकली नाही. तिच्या खोलीतल्या कपाटात घडी घालून ठेवलेली आहे.

आणि दोन आठवड्यांनी मी पाडव्याला तुमच्यासमोर उभा राहून तीच वाक्यं, जास्त मोठ्या आवाजात. घरात हरलेला माणूस बाहेर जिंकायला बघतो. हे कारण म्हणून सांगतोय, सबब म्हणून नाही. किंवा सबबही असेल.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लीगने 11 सामन्यांची बंदी घातली, 50 लाख डॉलर दंड केला. तीन हंगामांत वॉटसन खेळला 19 सामने. दरम्यान बेकर टाम्पाला जाऊन उभा राहिला. जानेवारी 2024 मध्ये शनिवारी आम्ही ह्यूस्टनकडून 45-14 हरलो, आणि सोमवारी टाम्पाने फिलाडेल्फियाला 32-9 हरवलं. त्या रात्री लेकीचा मेसेज आला. नुसता आकडा, 32-9.

इथपर्यंत वाचून तुम्ही मान डोलावत असाल, आला वाटेवर. थांबा. 12 नोव्हेंबर 2023 ला बाल्टिमोरमध्ये, आमची टीम ज्यांनी नेली त्यांच्याच मैदानात, खांद्याचं हाड मोडलेलं असताना वॉटसनने दुसऱ्या अर्धात 14 पैकी 14 पास पोहोचवले आणि आम्ही 33-31 जिंकलो. मी उभा राहून ओरडलो. मनापासून. त्या क्षणी मला बावीस आठवले नाहीत. आणि 20 ऑक्टोबर 2024 ला त्याची टाच गेली, तो मैदानात पडला, तेव्हा स्टेडियममधून काही लोकांचा जल्लोष ऐकू आला. मला त्यांची किळस आली, आणि त्याच वेळी आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. एखाद्याच्या दुखापतीने सुटका वाटावी असा मी झालो होतो. या दोन्ही गोष्टी मी कुणाला सांगितलेल्या नाहीत.

मी बरीच वर्षं पेठेच्या मागे लपलो. पेठ बदलता येत नाही, माणसं येतात-जातात, आपण आपल्या रंगाबरोबर राहायचं. पण कोल्हापुरात चुकीच्या माणसाला टीममध्ये घेतलं तर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात पेठेतलीच माणसं बोलतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. निष्ठा म्हणजे गप्प बसणं असं मला तिथे कुणी शिकवलं नव्हतं. ते मी इथे, स्वतःच्या सोयीसाठी तयार केलं.

आता तुमच्या सुराबद्दल. तुम्ही विचारता, बेकरला घालवून काय मिळवलंत. वॉटसनने बारा सामने जिंकून दिले असते तर हा प्रश्न तुम्ही विचारला असतात का? त्या पाडव्याला माझ्या टेबलाभोवती आठ-नऊ पुरुष होते आणि तुमच्यातल्या एकानेही ‘बावीस’ म्हटलं नाही. पैसे जास्त दिले म्हणालात, पिक जास्त दिले म्हणालात, गुडघ्याच्या जुन्या शस्त्रक्रियेबद्दल बोललात. आज तुम्ही मला हिशोब चुकला म्हणून विचारता. हिशोब चुकला, मान्य. पण बरोबर आला असता तरी त्या खोलीच्या दारात मी जे बोललो ते तेच राहिलं असतं.

बेकर राहिला असता तर? प्रामाणिकपणे सांगतो, इथे तो टाम्पातला बेकर झाला असता असं मला वाटत नाही. घर तेच होतं. यावर लेक आणि मी अजूनही भांडू शकू, आणि एखाद्या दिवशी भांडू अशी आशा आहे.

भूक गेलेली नाही. 2025 च्या नोव्हेंबरात नवा क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला, आम्ही रेडर्सना 24-10 हरवलं, आणि सामना संपायच्या आतच मी पुढच्या दहा वर्षांचं स्वप्न बघायला लागलो होतो. पाचव्या फेरीत निवडलेला पोरगा, एक सामना. पुन्हा कुणी वॉटसन आला तर मी काय करीन, याची मला खात्री नाही. ठामपणे काही सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका.

एकच गोष्ट तुमच्यापैकी कुणी विचारलेली नाही. त्या पाडव्याला आमच्या टेबलाच्या टोकाला एक ताई बसल्या होत्या, जेवण वाढायला मदत करून नुकत्याच टेकल्या होत्या. मी ‘‘सिद्ध कुठे झालंय’’ म्हणालो तेव्हा त्यांनी अर्धवट जेवलेलं ताट उचललं आणि त्या मागच्या टेबलावर जाऊन बसल्या. मी ते पाहिलं होतं. पाहून बोलत राहिलो होतो. त्या अजून दर कार्यक्रमाला येतात, मला नमस्कार करतात, मुलीची चौकशी करतात. यंदाच्या पाडव्याला त्यांच्याशी बोलायचं आहे. सुरुवात कशी करायची ते अजून सुचलेलं नाही.