अँडीजच्या पायथ्याची माल्बेक

ठाण्यात वाइनच्या दुकानात अर्जेंटिनातल्या मेंडोझाची माल्बेक, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षांची लाल वाइन, दिसली की माझा हात आधी तिच्याकडेच जातो. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या प्रदेशात अँडीजच्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर मळे पोसले जातात, आणि ऊको खोऱ्यात, हजार मीटरहून अधिक उंचीवर, दिवसाचे कडक ऊन व रात्रीचा गारठा यांमुळे द्राक्षांत गोडीबरोबर आंबटपणाही टिकून राहतो. त्याच खोऱ्यातल्या ग्वाल्तायारी भागाच्या चुनखडीयुक्त जमिनीतली माल्बेक पेल्यात गडद जांभळी दिसते, तरी जिभेवर विलक्षण ताजी लागते. मूळच्या या फ्रेंच वाणातून तिथल्या छोट्या वायनरी आज एकेका मळ्याची स्वतंत्र वाइन काढून जगभरच्या जाणकारांची दाद मिळवत आहेत. आपल्याकडे आयात शुल्कामुळे ती स्वस्त राहत नाही, पण त्याच किमतीच्या नामवंत फ्रेंच बाटल्यांपेक्षा मला तीच सरस वाटते.