सगळ्या मशीनींचा आयपी एकच!

लातूरच्या आमच्या कॉलेजात लॅबसाठी उबुंटूच्या व्हर्च्युअल मशीनी (एका खऱ्या संगणकात चालणारे आभासी संगणक) उभ्या करायच्या होत्या. एकेकीवर बसून यूजर बनवा, टाइमझोन लावा, पॅकेजेस टाका, एवढा वेळ कुणाला आहे? म्हणून क्लाउड-इनिट घेतलं, ही कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर. यूजर-डेटा फाइल (करायच्या कामांची यादी) लिहायची, छोट्या आयएसओत (सीडीसारख्या डिस्क-फाइलीत) घालून मशीनला जोडायची. पहिल्या बूटला पुढचं तो बघतो. आयएसओचं लेबल 'सीआयडेटा' पाहिजे, नाहीतर तो तिकडं ढुंकूनही बघत नाही.

अडलं ते टेम्प्लेटपाशी, म्हणजे जिच्या नकला (क्लोन) काढायच्या त्या मूळ डिस्कपाशी. पुरवठादारानं 'रेडी' म्हणून दिलेल्या डिस्कचे क्लोन काढले, चालू केले, तर नव्या यूजरचा पत्ताच नाही. वर लॅबमधला पोरगा सांगत आला, "सर, सगळ्या मशीनी एकच आयपी दाखवायल्यात." आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, तो प्रत्येकीचा वेगळा हवा. क्लाउड-इनिटला स्टेटस विचारलं की उत्तर 'डन'. एरर आली असती तर निदान भांडायला काहीतरी मिळालं असतं! पुरवठादाराला फोन केला, तर "आमच्याकडं तर चालायलंय की." चालणारच. ती डिस्क त्यानं स्वतः बूट करून मग आमच्या गळ्यात मारली होती.

यूजर, पॅकेजेस, टाइमझोन ही कामं क्लाउड-इनिट एका मशीनवर एकदाच करतो, आणि मशीन नवी की जुनी ते मेटा-डेटा या यूजर-डेटासोबतच्या फाइलीमधल्या इन्स्टन्स-आयडीवरून (मशीनच्या ओळखीवरून) ठरवतो. आधीचा आयडी डिस्कवरच्या व्हार-लिब-क्लाउड फोल्डरमध्ये जपलेला असतो. डिस्कसोबत आलेल्या नमुना मेटा-डेटात नेमका तोच आयडी. मग काय, 'ही तर आपलीच जुनी' म्हणून गडी गप्प. आयपीचं दुखणं वेगळं. ईटीसी फोल्डरमधला मशीन-आयडी सगळ्या क्लोनमध्ये सारखाच राहिला होता. उबुंटू सर्व्हर आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीकडं त्यावरून बनलेली ओळख पाठवतो, त्यामुळं नेटवर्क कार्डांचे मॅक अ‍ॅड्रेस वेगळे असूनही पत्ता एकच मिळतो.

उपाय दोन ओळींचा. टेम्प्लेट शेवटची बंद करण्याआधी 'क्लाउड-इनिट क्लीन' चालवा, सोबत लॉग्ज आणि मशीन-आयडी हे दोन्ही पर्याय द्या, आणि मग ती डिस्क पुन्हा बूट करू नका, कुणी कितीही म्हणो. प्रत्येक मशीनला इन्स्टन्स-आयडी वेगळा. हे केलं आणि सगळ्या मशीनी मुकाट्यानं उठल्या. त्या 'रेडी'चे पैसे मात्र गेले ते गेलेच.

हो, यूजर-डेटाची पहिली ओळ हॅश लावून 'क्लाउड-कॉन्फिग' हीच हवी. ही फाइल ज्या यॅमल पद्धतीनं लिहितात तिच्यात टॅब चालत नाही, स्पेसच द्या. 'क्लाउड-इनिट स्कीमा' कमांडनं फाइल आधीच तपासता येते. आणि लॉगमधली वेळ साडेपाच तास मागं दिसली तर गडबडू नका, 'एशिया/कोलकाता' लागेपर्यंत घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवरच असतं.