तीनपैकी कुठला बघू?

फिनलंडला नव्याने नोकरीला आलेली मराठी मंडळी पहिला डिसेंबर लागला की मला हमखास विचारतात, "ऑफिसात सगळे त्या 'अज्ञात सैनिक'बद्दल बोलतायत. तीन सिनेमे आहेत म्हणे त्याचे. कुठला बघू?" ६ डिसेंबर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चैत्यभूमी येते, इथे तो स्वातंत्र्यदिन, आणि त्या दिवशी टीव्हीवर हा सिनेमा लागतो म्हणजे लागतोच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : १९५५ चा, एडविन लाइनेचा. काळा-पांढरा, तीन तासांचा. एवढं ऐकूनच चेहरे पडतात. त्यांना आकू लोउहिमिएसचा २०१७ चा हवा असतो. तो वाईट नाहीच. १९८५ चा राउनी मोल्बेर्गचा मात्र मी एकदाच पाहिला. कॅमेरा इतका हलतो की डोकं धरलं.

मूळ कादंबरी एकच, १९५४ ची. लिहिली व्हाइनो लिन्नाने, आमच्या तांपेरे शहरातल्या फिनलेसन कापडगिरणीतल्या कामगाराने. ती १९४१ ते ४४ च्या सोव्हिएत संघाशी झालेल्या युद्धावर आहे, आणि त्या युद्धात तो स्वतः मशीनगन तुकडीत होता. माझे वडील लालबागला गिरणीत होते. पाळी करून आलेला माणूस कसा दिसतो ते मी पाहिलंय, त्यामुळे याने एवढा ग्रंथ लिहिला कधी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. फिनलेसनच्या जुन्या साचाखात्यात आता प्लेव्हना नावाचं मल्टिप्लेक्स आहे. २०१७ चा सिनेमा मी तिथेच पाहिला. फिनिक्स मिलच्या मॉलमध्ये होतं तेच झालं, पडद्यापेक्षा छताकडेच लक्ष जास्त.

मग काळा-पांढराच का? दगडांसाठी.

आघाडी थंडावलेली. खंदकातली माणसं वेळ घालवायला अंगठ्या आणि दिव्यांचे स्टँड करतायत. लाम्मियो नावाचा कडक इस्त्रीचा अधिकारी हुकूम सोडतो, की पायवाटांच्या कडेने शोभेचे दगड लावा. रोक्का हा कारेलिया या पूर्व सीमेकडच्या भागातला शेतकरी, बायकोपोरांचा धनी. तो साफ नाही म्हणतो. आपण लढायला आलोय, बाग सजवायला नाही. प्रकरण लष्करी खटल्यापर्यंत जातं. तेवढ्यात पठ्ठ्या एक सोव्हिएत कॅप्टन जिवंत पकडून आणतो आणि वरिष्ठांना सगळं गिळावं लागतं.

आता गंमत अशी, की रोक्का अधिकाऱ्यांनाही अरे-तुरे करतो. उद्धटपणाने नव्हे, त्याच्या गावच्या बोलीत, शेजाऱ्याशी बोलावं तसं. एकेका सैनिकाची बोली वेगळी. एकाच खंदकात मालवणी, वऱ्हाडी आणि अहिराणी ऐकू यावी तसं. इंग्रजी सबटायटलांत सगळेच 'यू' होतात आणि अर्धा सिनेमा तिथेच संपतो. रोक्का तिन्हींत आहे, पण १९५५ मध्ये रेइनो तोल्वानेनने तो असा बोललाय, की लोकांना आजही वाक्यं पाठ आहेत. लष्कराने मदत नाकारली म्हणून लाइनेने युद्धकाळातली खरी दृश्यं मध्ये जोडली. ते सांधे दिसतात, दिसू देत. सुमारे २८ लाख लोकांनी थिएटरात पाहिला, तेव्हा अख्ख्या देशाची वस्ती होती जेमतेम ४२ लाख.

म्हणून बघायचा तर एखाद्या फिनिश माणसाशेजारी बसून बघा. मी शेजारच्या आजोबांकडे जातो. युद्ध हरल्यावर कारेलिया गेला, चार लाखांवर माणसं घरं सोडून आली, त्यांत त्यांची आई होती. ते कारेलियन पिराक्का काढून ठेवतात : राय पिठाच्या पातळ पारीत मऊ भात, वर लोण्यात कालवलेलं उकडलेलं अंडं. दगडांचा प्रसंग आला की खाणं थांबतं. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं, रोक्का तुमच्या भाषेत कसा बोलेल? मी म्हटलं, "ए साहेबा, एवढी हौस असेल तर तूच लाव की दगड!" त्यांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.