आठवड्याला तीस वनस्पती? भाजीवाल्याकडे नंतर जा, आधी डबे उघडा

"आठवड्याला तीस वेगवेगळ्या वनस्पती खायला हव्यात म्हणे. तुमच्याकडे हे कसं जमतं हो?" मंडईत माझी पिशवी बघून कुणी विचारतं, लग्नाच्या पंगतीत शेजारची विचारते. विचारणारीच्या डोळ्यांसमोर ब्रोकोली, झुकिनी, ॲव्होकाडो आणि महिनाअखेरचं बिल असतं, हे चेहऱ्यावरच दिसतं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

तीसचा आकडा आला 'अमेरिकन गट प्रोजेक्ट' या अभ्यासातून (इंग्रजीत 'गट' म्हणजे आतडं). दहा हजारांहून जास्त लोकांनी शौचाचे नमुने पाठवले, काय खातो ते लिहून दिलं, आणि 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले. आठवड्यात तीसपेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यात, दहा किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा, जिवाणूंची विविधता जास्त आढळली. माणूस स्वतःला शाकाहारी म्हणवतो की मांसाहारी, यापेक्षा ताटात किती तऱ्हेच्या वनस्पती पडतात ते महत्त्वाचं ठरलं. मला हा भाग फार आवडतो, कारण बटाटा-साबुदाण्यावर जगणारे कट्टर शाकाहारी मी भरपूर पाहिलेत.

पण त्या अभ्यासात दोन टोकांची तुलना होती, आणि खाणं लोकांनी आठवून लिहिलेलं होतं. तीसला औषध आणि एकोणतीसला विष, असं त्यात काही नाही. चोविसावर आलात तरी पोटाचं भलंच.

कारण साधं आहे. जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसतात. मात्र सगळा चोथा एकसारखा नसतो. कांदा-लसणात इन्युलिन, पेरूत पेक्टिन, कडधान्यात साखरेच्या आणखी वेगळ्या साखळ्या, शिजवून गार झालेल्या भातात न पचणारा स्टार्च. एका जिवाणूला जे चालतं ते दुसऱ्याला चालत नाही, म्हणून रोज किलोभर पालक खाल्ला तरी काम अर्धवटच होतं.

आता माझं खरं म्हणणं. लोक विविधता भाजीच्या गाड्यावर शोधतात, आणि ती हरवली आहे धान्याच्या डब्यांतून. जगभर माणसाला वनस्पतींतून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याहून जास्त फक्त भात, गहू आणि मका या तीन पिकांतून येतात. आपल्याकडे मक्याच्या जागी तूरडाळ धरा: सकाळी पोळी, दुपारी पोळी, रात्री वरणभात. भाजी रोज बदलली तरी ताटाचा मोठा भाग बारा महिने तोच.

म्हणून मी सुरुवात तिथून करते. ज्वारीची भाकरी नेहमीची, थंडीत बाजरी, उन्हाळ्यात नाचणीची आंबील, पोळी मधूनमधून. वरणात तुरीबरोबर मूठभर मसूर किंवा मूगडाळ. घरात कुणाला कळतही नाही. उसळ आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दर वेळी मटकीच नाही. चवळी, वाल, पावटे, हुलगे आहेत की. भाजणीचं थालीपीठ तर बसल्या जागी हिशेब वाढवतं: ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभराडाळ, उडीद, धने, जिरे. वर कांदा, कोथिंबीर आणि तीळ. शिवाय जवस, कारळे आणि शेंगदाणे यांच्या चटण्या टेबलावर कायम. यात नवीन किंवा महाग काय आहे सांगा!

आपल्या जुन्या पालेभाज्याही एकट्या कधी शिजल्या नाहीत. अळूचं फदफदं घ्या. भाजीचं अळू हिरव्या देठाचं. काळ्या देठाचं वडीसाठी ठेवा. हाताला तेल लावून देठ सोलायचे, पानांच्या शिरा काढायच्या, सगळं बारीक चिरायचं. हरभराडाळ आणि दाणे सकाळीच भिजत घातलेले असतात. मुळ्याच्या चकत्या आणि जुडीभर आंबट चुका घालून सगळं कुकरला लावायचं. मग पळीने घोटून बेसनाचा हात लावायचा, चिंच-गूळ आणि मिरची घालून रटरट उकळू द्यायचं. खोबऱ्याचे काप, आणि वरून मेथीदाण्याची खमंग फोडणी. चुका आणि चिंच नुसती चवीला नाहीत. अळूत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आंबट नसेल तर घसा खाजतो. मोजा आता: अळू, चुका, मुळा, हरभरा, शेंगदाणा, खोबरं, चिंच, मिरची, मेथी. एका पातेल्यात नऊ.

भोगीची लेकुरवाळी भाजी त्याच धर्तीची. वांगी, गाजर, पावटे, हरभऱ्याचे सोलाणे, वालपापडी, दाणे, तीळ, जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं अळू, माठ, भोपळा, पडवळ, मक्याचं कणीस एकत्र येतं. ती भाजी वर्षातून एकदाच का करायची, हे मला आजवर कळलेलं नाही. मी श्रावणभर करते.

रानभाज्यांबद्दल मात्र थोडी सावध. टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली पावसाळ्यात मिळाल्या की जरूर आणा. पण विकणाऱ्या बाईला कशी करायची ते विचारूनच. शेवळं ही रानभाजी काकड या आंबट रानफळाशिवाय केली तर जीभ माफ करत नाही. आणि सहलीला जाऊन स्वतः पाला ओरबाडू नका. ताटातली विविधता आधी शेतात टिकावी लागते. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी वाल-भाताचं देशी बियाणं जपलं, 2020 ची पद्मश्री त्यांना त्यासाठीच. वालाचे किती प्रकार असतात हे मला त्यांच्यामुळे कळलं.

मसाले मोजायचे का, हेही विचारतात. मोजदाद करणारे काही जण मसाल्याला पाव गुण देतात. गोडा मसाला धरला तर आपण वरणातच जिंकलो, पण चिमूटभर लवंग-दालचिनीवर किती भिस्त ठेवायची? शिवाय त्यातलं दगडफूल वनस्पतीच नाही, बुरशी आणि शेवाळाची जोडगोळी आहे. असे चिमटीने पडणारे मसाले मी हिशेबात धरत नाही.

डब्यातून मिळणारी 'तीस भाज्यांची' हिरवी पावडर घेऊ का, असा फोन परवाच आला. त्या पैशात महिनाभराची कडधान्यं येतात.

दोन-तीन गोष्टी नीट ऐका. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल, तर पालेभाज्या अचानक वाढवू नका आणि बंदही करू नका. त्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा हिशेब बिघडतो, प्रमाण रोज सारखं हवं. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं कडधान्यं फारशी खाल्ली नाहीत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात हुलगे, वाल, राजमा सगळं सुरू केलं तर पोट फुगणार, मग दोष माझ्यावर येणार. आधी मोड आलेले मूग, वाटीभरच. पंधरा दिवसांनी मटकी. भिजवलेलं पाणी फेकून द्या, शिजवताना आलं-हिंग घाला, आणि पाणी जास्त प्या. हुलग्यांची घाई नको.