तेरा दिवस थांबायचं कशाला?

२०२४ च्या वारीत माउलींची पालखी पुण्याचे दोन मुक्काम आटोपून २ जुलैला दिवेघाट चढली. त्याच दुपारी उत्तर प्रदेशात, हाथरस जिल्ह्यातल्या फुलरई गावी, एक सत्संग संपला आणि चेंगराचेंगरी झाली. आम्हाला ते कळलं रात्री सासवडला. घाटात टाळ हातात असताना फोन कोण बघतो? राहुटीत पाय लांब करून बसलो, कुणी तेल चोळतंय, कुणी फोडाला सुई लावतंय, तेव्हा एकेकाच्या मोबाइलवर बातमी यायला लागली. आकडा वाढतच गेला. शेवटी १२१ वर थांबला. बहुतेक बायका.

स्वतःला भोले बाबा म्हणवणारे सूरजपाल मांडवातून निघाले आणि ते ज्या वाटेनं गेले तिथली धूळ कपाळाला लावायला लोक धावले. परवानगी ऐंशी हजारांची होती, माणसं अडीच लाखांच्या वर. बाजूला उतार, चिखल. पुढचा पडला की मागच्याला थांबता येत नाही.

आमच्या दिंडीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा होता. आजोबांचे गुडघे गेले म्हणून त्यांच्या जागी पहिल्यांदाच चालत होता. तो फोन खाली ठेवून म्हणाला, "धुळीसाठी मेले. याला अंधश्रद्धा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?" राहुटीत कुणी बोललं नाही. दिंडीचे महाराज शांतपणे म्हणाले, "बाळा, घरात सुतक असताना असं बोलू नये. तेरा दिवस जाऊ देत. मग काय टीका करायची ती कर."

महाराजांबद्दल मला आदर आहे. दिंडीतल्या शंभर भानगडी सांभाळून ते कुणावर ओरडत नाहीत, ही लहान गोष्ट नाही. पण त्या रात्री मला त्यांचं पटलं नाही. मी साताऱ्याची, शाळेत शिकवते, आणि सुतक म्हणजे काय ते मला कळतं. सुतक घरच्यांचं. त्यांच्यासमोर जाऊन कुणी "तुमची आई मूर्ख होती" म्हणणार असेल तर त्याला हाकलून द्यावं. पण मांडव घालणाऱ्याला, बाहेर जायचा रस्ता ठरवणाऱ्याला, 'माझ्या पायाच्या धुळीनं दुखणं जातं' ही समजूत लोकांत वाढू देणाऱ्याला सुतक कसलं? तेराव्यापर्यंत काय काय होतं ते हाथरसलाच दिसलं. मेलेल्यांच्या चपला आणि सामान उचलून शेजारच्या शेतात टाकलं, असं पोलिसांच्या फिर्यादीतच आलं. फिर्यादीत नाव होतं मुख्य सेवादाराचं, म्हणजे आयोजकाचं, आणि त्याच्या माणसांचं. बाबांचं नव्हतं.

मी हे बोलले असते की नाही माहीत नाही. माझ्याआधी मावशी बोलल्या.

मावशी वाई तालुक्यातल्या. डोक्यावर तुळस घेतात आणि अभंगाला सगळ्यांच्या वरचा सूर लावतात. त्यांची थोरली जाऊ मांढरदेवला गेली. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, काळूबाईची यात्रा. आमच्या जिल्ह्यात ही तारीख कुणाला सांगावी लागत नाही. तीनशेच्या आसपास माणसं गेली. चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या. माणसं घसरली, एकमेकांवर पडली. मग चिडलेल्या लोकांनी दुकानं पेटवली, गॅसचे सिलिंडर फुटले.

मावशी म्हणाल्या, "महाराज, मी घरी म्हनते, जाऊबाईला काळूबाईनं बोलावून नेलं. तसं म्हटल्याबिगर मला झोप लागत न्हाई. पन ते मी म्हनायचं. दुकानदारानं म्हनू नये, पुजाऱ्यानं म्हनू नये, सायबानं म्हनू नये. त्यांनी पायऱ्यावरचं पानी पुसायचं हुतं."

यानंतर मी त्या विषयावर बरंच ऐकलं, वाचलं, पण याच्या पुढे फार कुणी गेलेलं मला दिसलं नाही. एकच वाक्य. बाईच्या तोंडी ते तिला रात्र काढायला उपयोगी पडतं आणि जबाबदार माणसाच्या तोंडी ते फाइल बंद करतं. टीका करायची ती या दुसऱ्या वापरावर, आणि ती लगेच करायची. त्याच महिन्यात, आषाढी झाल्यावर, त्या बाबांचं म्हणणं बातम्यांत आलं. होणारं कोण टाळणार, आलेला कधीतरी जाणारच, अशा अर्थाचं. मला मावशीच आठवल्या.

मांढरदेवचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण टीकेनं काही होत नाही असं म्हणणारे पुष्कळ. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग बसला. आता यात्रेच्या दिवसांत तिथे पशुबळी, वाद्यं, मंदिराच्या आवारात नारळ फोडणं, तेल ओतणं, झाडांना खिळे ठोकून लिंबू-बाहुल्या अडकवणं, या सगळ्यावर प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. यातलं निम्मं लोकांच्या श्रद्धेचा गाभा होता. 'नारळ फुटला नाही तर देवी कोपेल' असं सांगणारे माझ्या माहेरच्या गल्लीत होते. देवी कोपली नाही. लोक अजून जातात, मावशीही जातात.

आता आमच्याकडे वळते, कारण दुसऱ्याच्या बाबांवर बोलणं सोपं असतं.

वारीत सगळे सगळ्यांच्या पाया पडतात. सत्तरीचा म्हातारा माझ्या पाया पडला तेव्हा पहिल्या वर्षी मी दचकले होते. इथे पायधूळ एकाच माणसाची नसते, म्हणून एका जागी धाव पडत नाही. हे मी त्या पोराला दोन दिवस अभिमानानं ऐकवत होते. मग नातेपुते सोडल्यावर पुरंदवड्याला गोल रिंगण आलं. मधे पालखी, भोवती पताका, विणेकरी, तुळशीवाल्या, आणि दोन अश्व. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, पाठ रिकामी. धाव संपली. आणि घोड्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला चारी बाजूंनी लोक मैदानात शिरले.

पोरगा माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही, तेवढा सभ्य आहे. मीही दर वर्षी ती चिमूटभर माती घेते. त्या दिवशीही घेतली, पण आधी मागे वळून बघितलं की बाहेर जायला जागा कुठे आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी वारी न केलेल्यांना सहसा ठाऊक नसते. हा पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबा आरफळकरांच्या काळापासून चालत आलेली शिस्त म्हणून ती आम्हाला सांगतात. मुक्कामाच्या तळावर पालखी आली की समाजआरतीच्या आधी दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात बंद पडतात. मात्र एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो किंवा निदान शब्द मिळतो, तेव्हा ते टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात आणि आरती होते. तक्रार ऐकल्याशिवाय आरती नाही, हा क्रम आहे. वाल्ह्याच्या तळावर मी हे त्या पोराला दाखवलं. एका दिंडीचे टाळ बराच वेळ वाजत होते, चालण्याच्या क्रमावरून काहीतरी होतं. कुणीही त्यांना 'देवाच्या दारात भांडता काय' म्हटलं नाही. तेरा दिवसांनी या, असंही म्हटलं नाही.

म्हणून २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायद्यावरून 'वारी बंद पडेल' म्हणून ओरड झाली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या कायद्यासाठी झटणारे नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्टला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, नंतर वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. वारीही बंद पडली नाही. ती थांबली करोनात, आणि २०२० साली पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. ते कुणाला अधर्म वाटलं नाही असं नाही, पण गेल्या. गर्दीनं माणसं मरतील ही शंका तेव्हा मरणाआधी ऐकली गेली.

दुसऱ्या बाजूच्या लोकांचंही एक सांगते. प्रत्येक अपघातात श्रद्धाच सापडते असंही नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनीत, कोल्हापूरकडच्या दिंडीत मागून गाडी घुसली, सात वारकरी गेले. तेव्हाही 'चालायला कुणी सांगितलं होतं?' म्हणणारे निघाले. रस्त्यानं चालणं ही अंधश्रद्धा असेल तर आमच्या शाळेची सगळी पोरं अंधश्रद्ध आहेत. तिथे प्रश्न गाडीचा, वेगाचा, संध्याकाळच्या अंधाराचा. टीका करणाऱ्यानं आधी माणसं कशानं मेली ते बघावं. हाथरसला धूळ त्या कारणांत होती. जुनोनीत विठ्ठल नव्हता.

माळशिरसच्या मुक्कामी पोरानं एक पत्र लिहिलं, रिंगणाच्या मैदानाबद्दल. अश्व गेल्यावर लोकांना एकदम सोडू नये, टप्प्याटप्प्यानं सोडावं, बाहेरच्या वाटांवर दुकानं लावू देऊ नयेत, म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना आधी काढावं. चांगलं पत्र होतं. शेवटी एक वाक्य होतं: मातीत काही नसतं हे लोकांना सांगावं. महाराजांनी चष्मा लावून सगळं वाचलं, ते वाक्य खोडलं आणि खाली सही केली.

पोरगा भडकला. "मुख्य तेच होतं," तो म्हणाला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. वाटा कितीही रुंद केल्या तरी धाव कशामुळे पडते ते न बोलता ठेवलं, तर पुढच्या मैदानात पुन्हा तेच. पण ते प्रशासनाला लिहिण्यात अर्थ नव्हता हेही खरं. तहसीलदारानं सांगून कुणी माती घ्यायचं थांबणार आहे का?

मावशी म्हणाल्या, "पत्रात नगं. महाराजांनीच कीर्तनात म्हनावं."

महाराज हसले, उत्तर दिलं नाही. पुढे वाखरीच्या तळावर त्यांचं कीर्तन होतं. आदल्या रात्री मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेली वारकऱ्यांची बस ट्रॅक्टरला धडकून खड्ड्यात पडली होती, पाच जण गेले होते. कीर्तनाला उभं राहताच महाराज म्हणाले की वारीच्या वाटेवर गेले, भाग्यवान, असं आज कुणी माझ्यासमोर म्हणू नका; ट्रॅक्टरला बंदी असलेल्या रस्त्यावर रात्री ट्रॅक्टर आला कसा, ते विचारा. मग त्यांनी निरूपणाला तुकोबांचा अभंग घेतला, 'तीर्थीं धोंडा पाणी । देव रोकडा सज्जनीं.'

टापांच्या मातीचं नाव त्यांनी घेतलं नाही. पोरगा म्हणाला, घाबरले. मावशी म्हणाल्या, पुढल्या वर्सी घेतील.