किती दिले?

बुधवार, रात्र

जोंधळ्याचा डबा ठेवून गिरणीत नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारी दोन पोरं मोबाईलवर दादाच्या खुन्याची मुलाखत बघत होती. परवा यूट्यूबवर आली तीच, एव्हाना सगळ्या गल्लीने बघितलेली. पॅरोलवर येऊन आठवडा झाला नाही आणि हा प्लास्टिकच्या खुर्चीत ऐसपैस बसून 'मी आता बदललोय' सांगतोय. वहिनी चक्कीच्या तोंडाशी अडकलेलं पीठ हाताने खाली ओढत होत्या. त्या हात झटकत आमच्याकडे वळल्या तशी पोरांनी आवाज बंद केला. काचेवर पिठाचा थर, त्याखाली त्याचं तोंड नुसतं हलतंय. वहिनींनी पदराच्या टोकाने काच पुसली, नीट बघितलं आणि मला विचारलं, "किती दिल्यात म्हणे त्याला, भावजी?"

"कोणास ठाऊक. कोण पाच म्हणतंय, कोण वीस."

"हजार?"

"होय."

"बरं," म्हणाल्या, आणि माझा डबा पुढे ओढला.

एवढंच झालं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

राग आलाय हे नक्की. कुणाचा, ते दिवसभर ठरत नाही. त्याचा म्हणावा, तर निकाल लागला त्या दिवशी मी तो विषय माझ्यापुरता मिटवला होता. पॅरोल नियमात बसला म्हणून मिळाला. आईचं आजारपण खोटं नाही, ठाण्यात जाऊन सही करतोय, कुणाच्या वाटेला जात नाही. त्या यूट्यूबवाल्या पोराचा म्हणावा, तर तो सकाळी रस्त्यातले खड्डे दाखवतो, दुपारी पुढाऱ्याचा वाढदिवस, संध्याकाळी खुनी. त्याच्यावर काय रागवायचं? राहता राहिला वहिनींचा प्रश्न. राग त्या प्रश्नाचाच आलाय की काय, असं जेवताना वाटलं आणि भाकरी अर्धी ठेवून उठलो.

मग जुनी कात्रणं काढली. ही आपली खोड, अस्वस्थ झालं की कागद उपसायचे. २०१४ सालची एक बातमी मीच मराठीत करून पानात लावली होती. गांजाच्या गुन्ह्यात बालीत २० वर्षांची शिक्षा झालेली ऑस्ट्रेलियाची शापेल कॉर्बी त्या फेब्रुवारीत पॅरोलवर बाहेर आली. तिच्या मुलाखतीसाठी टीव्ही चॅनेलने मोठी रक्कम मोजल्याची बोलवा उठली आणि तिकडे सिडनीत पोलिसांनी चॅनेलच्या कार्यालयाची झडती घेतली. गुन्ह्याच्या प्रसिद्धीचा पैसा तिला मिळू नये म्हणून. पुढे कोर्टाने ती वॉरंटं रद्द केली. बालीत अधिकारी म्हणत होते, मुलाखत दिली तर पॅरोल धोक्यात येईल. शेवटी टीव्हीवर तिची बहीण बोलली. न्यूयॉर्कने तर १९७७ मध्येच कायदा केला होता, गुन्हेगाराने आपली कहाणी विकली तर तो पैसा आधी बळींसाठी अडकवून ठेवायचा. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उडवला, बोलण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते म्हणून. त्यांनी पुन्हा नव्याने बांधला.

आपल्याकडे असा कायदाच नाही. दिल्लीत दोन भावंडांचा खून करणारे रंगा-बिल्ला फाशीच्या कोठडीत होते तेव्हा, त्यांची तयारी असेल तर पत्रकारांना भेटू द्या, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं. पैशाचा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनातही नसावा. १९९८ च्या निकालात मात्र मजुरीचा विषय आला. कैद्याला कामाचा रास्त मोबदला द्या आणि त्यातला काही वाटा गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी राखून ठेवायचा कायदा राज्यांनी करावा, असं सांगितलं. म्हणजे हिंडलग्याच्या तुरुंगात राबून मिळवलेल्या रुपयात वहिनींचा वाटा निदान सुचवलेला तरी आहे. बाहेर खुर्चीत बसून मिळवलेल्यात नाही.

हे सगळं वाचून झालं. राग जागच्या जागी.

खरं लिहायचं तर यात माझंही काही आहे. इतकी वर्षं सीमाभागाच्या बातम्या लिहिल्या. एक नोव्हेंबरचा काळा दिन, एक जूनचं हुतात्म्यांना अभिवादन, कोर्टातली तारीख पडली की पुन्हा तेच. बातमीमागे मिळणाऱ्या पैशात पेट्रोल भागलं तर नशीब. दिवाळी अंकवाले लेख घेतात, अंक पाठवतात, मानधनाचं पुढच्या वर्षी बघू म्हणतात. आणि ह्याने अर्धा तास तोंड चालवलं की पाकीट. उद्या मी मेलो तर माझ्यावर चार ओळी येतील, त्याही मीच लिहून ठेवल्या तर.

हे लिहिलं आणि हसू आलं. म्हणजे मला दर वाढवून हवाय तर कुणाचं तरी डोकं फोडायला हवं. ह्या वयात ते जमायचं नाही. बाजारात आपल्याला भाव नाही याचं कारण आपण कुणाला मारलं नाही, हे तसं बरंच म्हणायचं.

बाबाही हिंडलग्यात होते, शहाऐंशी साली, सीमालढ्यात. पण ते वेगळं.

पुन्हा त्या प्रश्नावर येतो. वहिनींनी 'काय बोलला' असं विचारलं असतं तर मी दोन वाक्यं तयार ठेवली होती, लक्ष देऊ नका वगैरे. त्या रडल्या असत्या तर पाणी आणून दिलं असतं, पोरांना हाकललं असतं. त्यांनी हिशोब विचारला आणि माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नाही. नुकसानभरपाईच्या कागदासाठी ज्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, दादा गेल्यावर पट्टा तुटला तर पट्टा बदलायला शिकल्या, त्यांनी दुसरं काय विचारायचं? मीच मनात त्यांच्यापुढे कॅमेरा लावून बसलो होतो बहुतेक. यूट्यूबवाल्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की... असो.

गुरुवार

दुपारी त्या यूट्यूबवाल्याचा फोन. "काका, वहिनींची पण बाजू घेऊया म्हणतोय. तुमचं ऐकतात त्या. बॅलन्स होईल की."

"देणार किती?" मी विचारलं. प्रश्न आता मलाही सोपा जात होता.

तो जरा थांबला. "त्यांना कसे द्यायचे काका? बरं दिसंल काय ते? लोक म्हणतील नवऱ्याच्या नावावर पैसे घेतलं."

संध्याकाळी गिरणीवर जाऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. वहिनींनी पट्टा उतरवला, चक्की थांबेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दळणाच्या टायमाला नको म्हणावं. आणि त्याला दिल्यात त्याच्यापेक्षा शंभर जास्त."

फोन करून निरोप दिला. वर विचारून सांगतो म्हणाला. वर कोण आहे देव जाणे, चॅनेल तर त्याचं एकट्याचंच आहे.