एकादशीला फुकुशिमागाता

आधी एक खुलासा, कारण घरच्यांनी फोनवर हाच प्रश्न चारदा विचारला. फुकुशिमागाताचा त्या अणुभट्टीच्या फुकुशिमाशी काही संबंध नाही. हे तळं जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे, निइगाता शहराच्या उत्तर टोकाला भातखाचरांमध्ये आहे. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे नद्यांचं पाणी अडून जी उथळ तळी होतात त्यांना तिथे 'गाता' म्हणतात. निइगाता म्हणजे नवी गाता, शहराच्या नावातच तळं आहे.

आम्ही तिथे गेलो ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे सासरे, निफाड तालुक्यातले. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य त्यांना घरच्यासारखं. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं तेव्हा गावात फ्लेक्स लावायचा आग्रह त्यांनीच धरला होता. आमच्याकडे टोकियोला आले, दोन आठवडे देवळं आणि मॉल बघितले आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "सूनबाई, हे सगळं झकास आहे, पण पाखरं कुठं बघायला मिळतील?"

नोव्हेंबर 2024. टोकियोहून जोएत्सु शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने निइगाता दोन तासांच्या आसपास. तिथून हाकुशिन लाइनची साधी लोकल, वीसेक मिनिटांत तोयोसाका. स्टेशनपासून तळं पायी अर्धा तास, टॅक्सीने दहा मिनिटांच्या आत. टोकियोत प्रवासाला वापरतो ते सुइका कार्ड इथेही चालतं. वाटेत दुकान नाही म्हणून खायचं-प्यायचं स्टेशनजवळच घेऊन ठेवावं.

पहिली चूक माझी. आम्ही सोमवारी पोचलो आणि सोमवारी 'ब्यू फुकुशिमागाता' ही तळ्याची माहिती देणारी मुख्य इमारत बंद असते. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मंगळवारी बंद. वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तळं मात्र कोणी कुलूप लावून ठेवत नाही, त्यामुळे काठाकाठाने भटकता आलं. पण भर दुपारी तळ्यात जवळजवळ काहीच नव्हतं. थोडी बदकं, दोन बगळे, वाऱ्यावर झुलणारं पाणकणीस. अण्णा बोलले नाहीत, पण चेहरा 'एवढ्यासाठी दोन तासांची गाडी?' असा.

यात जागेचा दोष नाही, वेळेचा आहे. इथला खरा पाहुणा दिवसा घरी नसतो. त्याचं नाव ओओहिशिकुई. कलहंसाच्या कुळातला, उंचापुरा, तपकिरी, काळ्या चोचीवर नारिंगी पट्टा असलेला रानहंस. रशियातल्या कामचात्कात अंडी घालतो आणि सप्टेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत इथे राहतो. हिवाळ्यात इथे साधारण पाच हजार असतात आणि जपानमधलं त्यांचं सगळ्यात मोठं मुक्कामाचं ठिकाण हेच. 1971 पासून हिशिकुई जातीला राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. सकाळी थवे कापणी झालेल्या शेतांत सांडलेलं भात टिपायला जातात आणि सूर्य मावळताना झोपायला तळ्यावर परततात. म्हणून दुपारी दोनच्या सुमाराला पोचा, इमारत बघा आणि अंधार पडेपर्यंत हलू नका. नोव्हेंबरच्या मध्यात इथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी परत आलो. ती कार्तिकी एकादशी होती आणि अण्णांचा कडक उपास. तांदळाच्या देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या तांदळाच्या मुलखात हा गृहस्थ भात खाणार नाही! जपानमध्ये उपासाची सोय कशी करायची हे मला दोनतीन जणींनी विचारलंय, तर शरद ऋतूत सुपरमार्केटच्या दाराशी गरम दगडांवर भाजलेली रताळी मिळतात, 'याकिइमो'. मध सांडल्यासारखी गोड. दोन रताळी, केळी आणि घरून आणलेले तुपात परतलेले मखाणे एवढ्यावर अण्णांचा दिवस निघाला.

मखाण्यांवरूनच पुढची गंमत. इमारतीत तळ्यातल्या वनस्पतींची माहिती आहे. तिथे 'ओनिबासु' नावाच्या काटेरी कमळाचा फोटो होता. ओनिबासु म्हणजे राक्षसी कमळ. पान दोन मीटरपर्यंत पसरतं, वर-खाली काटे, आणि जांभळं फूल स्वतःचंच पान फाडून वर येतं. फोटोखालचं शास्त्रीय नाव मी मोबाइलवर शोधलं, तर हाच आपला मखाणा! बिहारमधल्या तळ्यांतून येतो तोच. जपानमध्ये तो दुर्मीळ आहे आणि फुकुशिमागाता ही त्याची उत्तरेकडची हद्द मानली जाते. मध्ये तो इथून नाहीसा झाला असं सगळ्यांनी धरलं होतं, पण बी चिखलात वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि 1980 च्या दशकात तो पुन्हा उगवला. दुसरा धक्का पक्ष्याच्या नावात होता. 'हिशि' म्हणजे शिंगाडा, 'कुई' म्हणजे खाणारा. शिंगाडे खाणारा!

"तळ्यात शिंगाडा, तळ्यात मखाणा," अण्णा म्हणाले. "हे तर एकादशीचं तळं आहे."

फुलं बघायची असतील तर मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावं लागेल. तेव्हा रानहंस नसतात, उकाडा आणि डास असतात. एप्रिलमध्ये काठावर मोहरीसारखी पिवळी नानोहाना फुलते आणि मागे बर्फाचे डोंगर दिसतात. फोटोंसाठी तो हंगाम चांगला. मला विचाराल तर नोव्हेंबरच. डिसेंबरनंतर बर्फ आणि वारा अंगावर येतो, आणि शेतं बर्फाखाली गेली की रानहंसांचाही दिनक्रम बिघडतो.

इमारतीबद्दल. 1997 मध्ये उघडलेली ही वास्तू वास्तुविशारद जुन आओकी यांची. पुढे आओमोरीचं कला संग्रहालयही त्यांनीच केलं. फुकुशिमागातासाठी त्यांना 1999 मध्ये जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेचा पुरस्कार मिळाला. काचेच्या गोल भिंतीला धरून वाट गोल गोल वर चढते आणि प्रत्येक वळणावर तळं थोडं जास्त दिसतं. अण्णांच्या गुडघ्यांना ती वाट मानवली. वरच्या मजल्यांना थोडं तिकीट आहे, ते काढाच. वरून एका नजरेत कळतं की तळं 262 हेक्टरांचं असलं तरी आजूबाजूच्या शेतीपुढे ते लहान आहे. 1960 च्या दशकात सरकारने भातशेतीसाठी इथलं पाणी आटवायला घेतलं. काम होईतो देशात तांदूळ इतका पिकायला लागला की सरकारच म्हणायला लागलं, भात कमी लावा. आटवलेल्या जमिनीत भात लावायचा की नाही यावरून शेतकरी आणि सरकारची चांगलीच जुंपली होती. हे सांगितल्यावर लासलगाव बाजाराशी उभा जन्म बांधलेला माणूस एवढंच म्हणाला, "आपल्या कांद्यासारखंच की."

चारनंतर आम्ही काठावरच्या निरीक्षण-झोपडीत गेलो. तिचं नाव 'गांबारेया'. 'गान' म्हणजे रानहंस, आणि उच्चारात 'गांबारे', म्हणजे 'हिंमत धर', ऐकू येतं. जवळच शाकारलेल्या छपराचं 'कातारायतेई' नावाचं विसाव्याचं घर आहे, त्याच्याही नावात 'गप्पा' दडल्या आहेत. या लोकांना नावांत कोट्या करायला फार आवडतं.

पहिला थवा दिसायच्या आधी ऐकू आला. जुन्या एसटीच्या रबरी भोंग्यासारखा, जाडसर, लांबून. मग दक्षिणेकडच्या आकाशात एक तिरकी रेघ, तिच्यामागे दुसरी, मग मोजणं सोडून दिलं. तळ्यावर आल्यावर पंख अर्धे मिटून, अंग डावी-उजवीकडे झोकत ते खाली घसरतात आणि पाय पुढे करून पाण्यावर आपटतात. हंसांचे, म्हणजे पांढऱ्या हंसांचेही थवे आले, पण लक्ष त्यांच्याकडे गेलंच नाही. अण्णांनी दुर्बीण मला दिली नाही. मागावीशी वाटलीही नाही.

परतीला आमचा पोपट झाला. पाचला मिट्ट काळोख. खाचरांमधल्या रस्त्याला दिवे नाहीत, मी नको तिथे वळले आणि पंपहाउसपाशी पोचलो. तिथून मोबाइलच्या उजेडात परत. तेव्हा इमारत बंद व्हायच्या आत तिथल्या काउंटरवरून टॅक्सी सांगून ठेवा, नाहीतर निदान विजेरी बाळगा. छत्री वाऱ्याने उलटते, रेनकोट न्या. हातमोजे हवेतच. आणि गाडी भाड्याने घेतली असेल तर शेतात चरणारे हंस दिसल्यावर उतरू नका, आतूनच बघा. माणूस उतरला की सगळा थवा उठतो. त्यांना खायला घालू नका, मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. बर्ड फ्लूमुळे हिवाळ्यात तिथे काळजी घेतात.

एक दिवस हाताशी असेल तर जवळच आगानो गावात ह्योको नावाचं छोटं तळं आहे, 2008 पासून रामसर यादीत. तिथे पांढरे हंस अगदी समोर येतात, लहान मुलं बरोबर असतील तर तेच बरं. फुकुशिमागाता स्वतः त्या यादीत नाही, हे अण्णांना पटलेलं नाही. निइगाता शहराला मात्र 2022 मध्ये रामसरचा 'पाणथळ शहर' हा मान मिळाला. मुक्कामासाठी त्सुकिओका हे गरम झऱ्यांचं गाव सोयीचं. 1915 मध्ये तेल काढायला खणलं आणि गंधकाचं हिरवट पाणी लागलं. तोयोसाका स्टेशनवरून ने-आण होते का ते हॉटेलला आधी विचारा. आंघोळ सार्वजनिक आणि विनावस्त्र असते, हे वडीलधाऱ्यांना निघण्याआधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. तो प्रसंग इथे लिहीत नाही.

द्वादशीला निइगाता स्टेशनवर अण्णांनी 'सासादांगो' खाऊन उपास सोडला. तांदळाच्या पिठाचा हिरवा उंडा, आत लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचं गोड पुरण, बाहेर बांबूच्या पानांची पुडी. पान उलगडून त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "पातोळ्याच. फक्त हळदीचं पान विसरलेत." मग अजून सहा घेतले.